आरोग्याचा संदेश आणि पडद्यावरील अध्ययन



आरोग्यशिक्षणाच्या वर्गांतून एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात आहे. हिवतापाची माहिती देण्यासाठी एका खेड्यात डासाचे हातभर लांबीचे चित्र भिंतीवर लावण्यात आले. गावकऱ्यांनी ते लक्षपूर्वक पाहिले आणि निर्वाळा दिला, की एवढा मोठा डास चावल्यावर माणूस आजारी पडणारच. आमच्या गावचे डास मात्र अगदी लहान आहेत, तेव्हा चिंता नको. गोष्टीतील गावाचे नाव सांगणाऱ्यागणिक बदलते. ती कोठे खरोखर घडली असेल वा नसेलही. वर्गात ती ऐकून हशा पिकतो आणि तो बहुधा गावकऱ्यांना उद्देशून असतो. वास्तविक गावकऱ्यांचे काहीच चुकले नव्हते. चित्रात जे होते ते त्यांनी जसेच्या तसे वाचले. लहान वस्तू मोठी करून दाखविण्याचा संकेत चित्रकाराच्या अंगवळणी पडलेला होता, पाहणाऱ्याच्या परिचयाचा नव्हता. आणि चित्र टांगण्यापूर्वी त्यांना ते दाखवून कोणी विचारले नव्हते.

आरोग्य-संवर्धनाची माध्यमे विद्यार्थ्यांना डिजिटल साधनांच्या साह्याने कशी शिकवावीत, हा आजचा विषय आहे. परिचर्या महाविद्यालये, अध्यापक विद्यालये आणि समाजकार्याचे अभ्यासक्रम या सर्वांपुढे तो आज उभा आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ सालच्या सुधारित पदवी अभ्यासक्रमात आरोग्य माहितीशास्त्राला आणि शैक्षणिक तंत्रज्ञानाला स्वतंत्र स्थान मिळाले. त्यामुळे भित्तिपत्रक, ध्वनिफीत किंवा लघुपट तयार करणे हा आता हौसेचा भाग राहिलेला नसून शिक्षणाचा भाग झाला आहे. अशा वेळी डासाच्या त्या चित्राची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. कारण आजचा विद्यार्थी तसे चित्र हातभर नव्हे तर दहा हात लांबीचे, रंगीत आणि हालते करू शकतो, आणि तेही अर्ध्या तासात.

प्रथम ‘संवर्धन’ या शब्दाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने नोव्हेंबर १९८६ मध्ये कॅनडातील ओटावा येथे भरलेल्या परिषदेने जी सनद मान्य केली, तिच्यात आरोग्य-संवर्धनाचा अर्थ असा मांडला आहे, की लोकांना आपल्या आरोग्यावर अधिक ताबा मिळविण्यास व ते सुधारण्यास समर्थ करणे. या व्याख्येत लोक हे कर्ते आहेत. त्यांना काही ‘सांगणे’ हा त्या कार्याचा केवळ एक अंश होय. पुष्कळदा वर्गात हा भेद विसरला जातो आणि ‘माध्यम’ म्हणजे जाणत्याचे बोलणे अजाणत्याच्या कानी घालण्याची नळी, अशी समजूत विद्यार्थ्याच्या मनात घट्ट बसते.

आपल्या परंपरेला ही समजूत तशी परकीच आहे. गाडगेबाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या कीर्तनाची धाटणी प्रश्नोत्तरांची होती. ते समोरच्या माणसांना प्रश्न विचारीत, उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न रचीत. स्वच्छता, व्यसन, कर्ज काढून केलेले सण हे विषय त्या संवादातून पुढे येत. संदेश कोणत्या क्षणी पोचला आणि कोणत्या क्षणी पोचला नाही, हे त्यांना तेथल्या तेथे कळत असे. छापील भित्तिपत्रकाला ही सोय नाही, आकाशवाणीलाही नव्हती.

तंत्रज्ञानाने ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न आपल्या देशात बरेच आधी केले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम पोचविण्यात आले. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन आणि शालेय शिक्षण हे त्यांचे विषय होते. त्याच सुमारास गुजरातच्या खेडा जिल्ह्यात अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने जो प्रकल्प चालविला तो आजच्या विषयाच्या दृष्टीने अधिक उद्‌बोधक आहे. तेथे कार्यक्रम रचण्यापूर्वी निर्माते व संशोधक गावात जाऊन लोकांचे म्हणणे समजून घेत, आणि कित्येक कार्यक्रमांत गावकरी स्वतःच पडद्यावर येत. पुढे १९९६ मध्ये इंदूरच्या पश्चिमेस झाबुआ या आदिवासी जिल्ह्यात १५० ठिकाणी उपग्रहाचे कार्यक्रम दिसू लागले आणि तालुक्याच्या ठिकाणच्या १२ केंद्रांतून लोकांना उलट प्रश्न विचारण्याची सोय करण्यात आली. पडद्याने ऐकूनही घ्यावे, ही कल्पना अशी जुनी आहे.

अलीकडचे उदाहरण भ्रमणध्वनीचे. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ‘किलकारी’ ही सेवा देशपातळीवर सुरू केली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल एक वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्यास एक, असे ७२ ध्वनिसंदेश त्यात आहेत. तिच्याच जोडीला ‘मोबाइल अकादमी’ आली. तीत आशा कार्यकर्तीला साध्या फोनवरून सुमारे चार तासांचा अभ्यासक्रम ऐकता येतो, प्रत्येक प्रकरणाअखेर प्रश्न येतात आणि फोनवरील आकडा दाबून उत्तर द्यावयाचे असते. इंटरनेट नको, मोठा पडदा नको. डिजिटल अध्ययन म्हटले की महागड्या उपकरणांचे चित्र डोळ्यांसमोर येते. त्या समजुतीला हे चोख उत्तर आहे. तथापि दाबलेला आकडा एवढेच सांगतो, की धडा ध्यानात राहिला. त्या कार्यकर्तीने तोच धडा दुसऱ्या दिवशी एखाद्या सासूबाईंच्या पुढ्यात कसा मांडला, हे त्या आकड्यातून कळत नाही.

येथे मूळ मुद्दा येतो. संगणकाने माध्यम ‘बनविणे’ स्वस्त केले. माध्यम ‘कळणे’ स्वस्त केलेले नाही. पूर्वी भित्तिपत्रक छापणे हे खर्चाचे काम होते, आणि केवळ त्या खर्चाच्या धास्तीने का होईना, कच्चा आराखडा दहा जणांना दाखविला जाई. आता पहिलाच आराखडा इतका सुबक दिसतो की तो कच्चा आहे असे कोणाला वाटतच नाही. अक्षरे सरळ, रंग जुळलेले, कडेला वेलबुट्टी. शिक्षकही प्रसन्न होऊन गुण देऊन टाकतात. शिकविणे तेथेच थांबते.

गोव्यातील एका विषयाच्या आधारे हे पाहणे सोपे जाईल. कुत्र्याच्या चाव्यातून होणारा रेबीज हा रोग लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ नेहमीच प्राण घेतो, परंतु वेळीच उपाय केल्यास तो निश्चित टळतो. गोव्यात राज्य शासन आणि ‘मिशन रेबीज’ यांनी कुत्र्यांचे सार्वत्रिक लसीकरण, रोगाची टेहळणी आणि शाळाशाळांतून शिक्षण असे तिहेरी काम केले. लस दिलेल्या कुत्र्याची नोंद स्थळासह भ्रमणध्वनीवर होत असे. २०२२ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात या कामाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्यानुसार लसीकरण ७० टक्क्यांपर्यंत पोचले, कुत्र्यांतील रेबीजच्या मासिक नोंदी ९२ टक्क्यांनी घटल्या आणि माणसांतील रेबीज शून्यावर आला. या यशात लसीचा वाटा मोठा आहे हे निर्विवाद. परंतु चावा घेतल्यावर घरात पहिल्या पंधरा मिनिटांत काय होते, ते कोणतीही लसीकरण तुकडी पाहू शकत नाही. तेथे उपयोगी पडतो तो संदेशच.

संदेश असा : जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, जखमेवर मिरची, चुना, हळद असे काही लावू नये, आणि विलंब न लावता आरोग्य केंद्र गाठावे. वरवर पाहता इतका सोपा मजकूर दुसरा नाही. आता हाच मजकूर विद्यार्थ्यांना द्यावा. पाठ्यभाग त्यांनी घरी ध्वनिचित्रफितीवर पाहून यावा, म्हणजे वर्गातील वेळ कामासाठी मोकळा राहतो. चारचारांचे गट करावेत. एका गटाने भित्तिपत्रक करावे, दुसऱ्याने अर्ध्या मिनिटाची ध्वनिफीत, तिसऱ्याने दोन मिनिटांचा लघुपट. साधन म्हणून खिशातला फोन पुरेसा आहे.

भित्तिपत्रकाचा गट लवकरच अडतो. पंधरा मिनिटे चित्रात कशी दाखवावीत? बहुतेक जण घड्याळाची तबकडी काढतील. परंतु तबकडीवर कोणती वेळ दाखवावी? पाहणाऱ्याला ती ‘सव्वातीन वाजता’ अशीही वाचता येईल. नळ काढावा, तर पाणी ठरावीक वेळीच येणाऱ्या घरात वाहते पाणी म्हणजे काय? तेथे कळशी आणि तांब्या आहे, आणि हाताला चावा असेल तर तांब्याने पाणी ओतणारे दुसरे माणूस हवे. म्हणजे चित्रात एक नव्हे, दोन माणसे हवीत. मिरचीवर फुली मारली, तर फुलीचा अर्थ ‘नको’ असा सर्वांना लागेलच असे नाही. जखमेशेजारी मिरची दिसली एवढेच एखाद्याच्या ध्यानात राहील, आणि तो संदेशाच्या नेमका उलट अर्थ झाला. ध्वनिफितीच्या गटाला फुलीची अडचण नाही, पण धुण्याची रीत शब्दांत सांगताना तो दमतो. लघुपटात हात दिसतात, कृती दिसते. मात्र पंधरा मिनिटांचे धुणे तो चार सेकंदांत उरकतो आणि पाहणाऱ्याच्या मनात तेवढेच प्रमाण रुजते. प्रत्येक माध्यमाचे बळ व दुबळेपण पाठ्यपुस्तकातील कोष्टकावरून पाठ करता येते. पण ते असे हाताला लागले म्हणजे विसरले जात नाही.

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच बहुधा गाळला जातो. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गटाची कृती वर्गाबाहेरच्या निदान पाच माणसांना दाखवावी : घरातील आजी, दुकानदार, बांधकामावरील मजूर, पायलट म्हणून मोटारसायकल चालविणारा. विचारावयाचे प्रश्न आधी ठरवून घ्यावेत. ‘समजले का?’ हा प्रश्न वर्ज्य समजावा. सभ्य माणूस त्याला ‘होय’ असेच उत्तर देतो. त्याऐवजी विचारावे : यात काय दिसते? हे कोणाला उद्देशून आहे असे वाटते? यातले न पटणारे काय? तुमच्या घरी हे करावयाचे झाल्यास काय अडेल? शेजारणीला हे तुम्ही कोणत्या शब्दांत सांगाल? उत्तरे शब्दशः टिपावीत अथवा ध्वनिमुद्रित करावीत आणि वर्गाच्या सामाईक फलकावर चढवावीत. डिजिटल साधनाची खरी किंमत येथे कळते. एरवी पाच जणांची उत्तरे एका विद्यार्थ्याच्या वहीत राहिली असती; आता चाळीस विद्यार्थ्यांनी आणलेली दोनशे माणसांची उत्तरे एकत्र येतात, भाषेप्रमाणे व वयाप्रमाणे लावून पाहता येतात, आणि डिचोलीतील व मडगावातील श्रोता एकच चित्र कसे निराळे वाचतो हे वर्गात बसून दिसते. मग दुसरा आराखडा करावा, आणि शक्य तर तिसरा.

गुणदानाची रीतही त्यानुसार बदलावी लागेल. अंतिम कृतीच्या देखणेपणाला निम्म्याहून अधिक गुण असतील, तर विद्यार्थी देखणेपणच शिकेल. पहिल्या व तिसऱ्या आराखड्यांत काय बदलले आणि ते कोणाच्या कोणत्या वाक्यामुळे बदलले, याला अधिक गुण असावेत. आजकाल आज्ञा देताच चित्र काढून देणारी यंत्रे आल्यापासून तर याला पर्याय राहिलेला नाही. ही यंत्रे गोव्याच्या घरात भलत्याच प्रांताची चूल मांडतात आणि देवनागरी अक्षरे पुष्कळदा मोडतात. ते दोष कालांतराने कमी होतीलही. पण आजीने काय उत्तर दिले, ते यंत्र आजीला विचारून येऊ शकत नाही.

संदेशाच्या आशयाबाबत आणखी एक उदाहरण देणे आवश्यक आहे. कर्नाटकातील क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये प्रथम ओळखला गेलेला माकडताप २०१५ पासून सत्तरी तालुक्यात आणि पुढच्याच वर्षी शेजारच्या दोडामार्गात दिसू लागला. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या या रोगाचा हंगाम साधारणपणे डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूचा हंगाम. अशा वेळी ‘जंगलात जाऊ नका’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले भित्तिपत्रक वर्गात फार शोभून दिसते. काजूच्या बागायतीवर ज्याचे वर्षाचे पोट आहे त्याच्या लेखी मात्र ते कागद होय. त्याला उपयोगी पडते ते निराळेच : अंगभर कपडे घालावेत, गोचीड दूर ठेवणारे तेल उघड्या अंगास लावावे, पाल्यावर बसू नये, परतल्यावर ऊन पाण्याने अंग धुऊन कपडेही गरम पाण्यात टाकावेत, मेलेले माकड दिसल्यास हात न लावता आरोग्य केंद्रास कळवावे. हा फरक विद्यार्थ्याला पडद्यावरील धड्यातून समजणे कठीण आहे. काजू गोळा करणाऱ्या बाईने ‘मग खायचे काय?’ असे विचारल्यावर तो चटकन समजतो. ओटावा सनदेतील ‘समर्थ करणे’ या शब्दांचा अर्थही त्याच क्षणी लागतो.

भाषेचा प्रश्न येथे इतर राज्यांहून अधिक गुंतागुंतीचा आहे. १९८७ च्या कायद्याने कोकणी ही राजभाषा झाली व मराठीच्या शासकीय वापरासही स्थान मिळाले. कोकणी देवनागरीत वाचणारे आहेत, रोमी लिपीत वाचणारे आहेत. बांधकामावर व बंदरावर कन्नड आणि हिंदी बोलणारी कुटुंबे आहेत. एका भित्तिपत्रकावर चार लिप्या दाटीने बसविल्या म्हणजे काम झाले, असे समजू नये; ते भित्तिपत्रक कोणीच वाचत नाही. ध्वनीच्या माध्यमाला लिपी नसते, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावी. बेळगाव, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील मराठी कुटुंबांतही बोलण्याची भाषा एक व वाचण्याची दुसरी, असे सर्रास आढळते. आरोग्यवाक्य त्यांना कोणत्या लिपीत द्यावे, हे त्यांना विचारूनच ठरवावे लागेल.

डिजिटल साधने सर्वांच्या हाती नाहीत, हा आक्षेप योग्य आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ३३.३ टक्के स्त्रियांनी आणि पुरुषांपैकी ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे आढळले. गोव्यात हेच प्रमाण अनुक्रमे ७३.७ व ८२.९ असे होते. गोवा पुढे आहे खरा, तरीही २०२० मध्ये शाळा बंद असताना सांगे तालुक्यातील विद्यार्थ्यांना धड्यासाठी डोंगरमाथा गाठावा लागला होता. म्हणून पाठ अशा रीतीने रचावा की ध्वनिचित्रफीत एकदा उतरवून घेतली म्हणजे जाळे नसतानाही पाहता येईल, आणि जेथे चित्राची गरज नाही तेथे केवळ आवाज पाठवावा. ‘दीक्षा’ व ‘स्वयम्’ ही २०१७ मध्ये सुरू झालेली केंद्रीय व्यासपीठे साठवण व वितरण यांसाठी उपयुक्त आहेत. परंतु तेथील तयार धडा लावून देणे म्हणजे शिकविणे नव्हे. सत्तरीच्या बाईचे उत्तर त्या धड्यात नाही.

शेवटी ध्वनिमुद्रणाविषयी काही नियम सांगणे जरूर आहे. ज्याचे उत्तर टिपावयाचे त्याला ते कशासाठी, कोण ऐकणार आणि किती दिवस ठेवणार हे आधी त्याच्या भाषेत सांगून संमती घ्यावी. नाव, घराचा पत्ता किंवा आजार यांचा उल्लेख सामाईक फलकावर येऊ देऊ नये. चेहरा टिपण्याचे सहसा कारण नसते. हात आणि चित्र टिपले तरी पुरते. वर्गाबाहेरच्या कोणत्याही गटावर ध्वनिफीत धाडू नये, कारण आरोग्याविषयीचे एखादे अर्धवट वाक्य संदर्भ सोडून फिरू लागले की तेच अफवेचे रूप घेते. सत्र संपल्यावर ध्वनिफिती पुसाव्यात. आराखडे मात्र, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, कोणत्या उत्तरामुळे काय बदलले या टिपणासह जपून ठेवावेत आणि त्यांची एक प्रत नजीकच्या प्राथमिक आरोग्य केंद्रास द्यावी. पुढच्या काजूच्या हंगामापूर्वी तेथील परिचारिकेला नवे पत्रक काढावयाचे असते, आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाला आरंभ करण्यास ते आराखडे उपयोगी पडतात.